जमीनदाराचा डाव कोणी लांबवला?

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये हॅस्ब्रो या बलाढ्य अमेरिकन खेळणी-कंपनीने ‘मोनोपॉली : सोशॅलिझम’ नावाचा एक पटाचा खेळ विक्रीस काढला. समाजवादाची टवाळी हा त्याचा एकमेव हेतू होता. सामुदायिक निधी रिता होत जातो, सहकाराच्या नावाखाली भांडणे होतात आणि अखेर सगळेच फसतात, असा त्याचा मासला. टवाळीला कोणी भ्यावे असे नाही. समाजवादी चळवळीने याहून कडवी टवाळी पचवली आहे. परंतु ज्या कंपनीने हा विनोद छापला तिच्या तिजोरीत ‘मोनोपॉली’ नावाचा जो हिरा चमकतो आहे, तो मुळात कोणाचा, तो कोणत्या हेतूने घडवला गेला आणि त्याचा कोणता अर्धा भाग छाटून बाकीचा विकला गेला, हे एकदा नीट सांगितले की हा विनोद कोणावर उलटतो ते दिसून येते.

किनवटसारख्या डोंगरी तालुक्यातील कार्यकर्त्याने अमेरिकेतील एका खेळाच्या वंशावळीत का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. हा खेळ ‘व्यापार’ या नावाने मराठी घरांत कधीच येऊन बसलेला आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबई, दिल्ली, कलकत्ता विकत घेणारी, त्यावर घरे बांधणारी आणि पलीकडच्या चुलतभावाकडून भाडे वसूल करून त्याचे दिवाळे काढणारी मुले कार्यकर्त्यांच्या घरांतही असतात. आणि दुसरे म्हणजे, जमीन कोणाची, तिचे भाडे कोणाचे, ती हातोहात कशी फिरते, हा या खेळाचा विषय आहे. किनवटला हा विषय पुठ्ठ्यावरून शिकावा लागत नाही. तेथे तो सातबाऱ्यावर लिहिलेला आहे.

कंपनीचा इतिहास १८८३ पासून सुरू होतो. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा करीत होते. कर्ज, वसुली आणि भटकामगारांच्या कचाट्यात शेतकऱ्याची जमीन कशी जाते हे मांडीत होते. इकडे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम गावी जॉर्ज पार्कर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने ‘बँकिंग’ नावाचा खेळ छापून विकला. बँकेतून कर्ज काढायचे, सट्टा करायचा, अधिक पैसा जमवील तो जिंकला. त्या काळापर्यंत अमेरिकेतील बरेच पटखेळ मुलांना सदाचार आणि पापपुण्य शिकवीत. पार्करने ओळखले की लोकांना पुण्यापेक्षा पैशाचा खेळ अधिक रुचतो. १८८८ मध्ये भाऊ चार्ल्स येऊन मिळाला आणि ‘पार्कर ब्रदर्स’ ही पेढी उभी राहिली. ती हुशारीने चालली, यात संशय नाही. वास्तविक व्यापारी हुशारी हा येथे आक्षेपाचा मुद्दाच नाही. आक्षेप पुढील प्रकरणाला आहे.

एलिझाबेथ मॅगी ही १८६६ साली इलिनॉय राज्यात जन्मलेली बाई. वडील वृत्तपत्राचे मालक आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांनी मुलीच्या हाती हेन्री जॉर्जचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे १८७९ चे पुस्तक ठेवले. जॉर्जचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखाने वाढले, आगगाड्या आल्या, शहरे फुगली, तरी दारिद्र्य हटत नाही. कारण वाढलेल्या उत्पन्नाचा मलिदा जमिनीचा मालक जमिनीच्या भाड्याच्या रूपाने खाऊन टाकतो. जमीन कोणी निर्माण केलेली नाही. तिचे मोल सभोवतालच्या समाजाने वाढवलेले असते. तेव्हा ते वाढीव मोल करारूपाने समाजाने परत घ्यावे आणि श्रमावरचे कर उठवावेत. वॉशिंग्टनमध्ये लघुलेखिकेची नोकरी करणाऱ्या मॅगीला हा विचार सामान्य माणसापर्यंत पोचवायचा होता. व्याख्यानाला कोण येतो, आणि आला तरी किती ऐकतो, हे तिने जाणले असावे. तिने एक खेळ रचला. मार्च १९०३ मध्ये तिने एकस्वासाठी अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या नावाने, म्हणजे ‘जमीनदाराचा डाव’ या नावाने, तिला एकस्व मिळाले. स्त्रियांना मताचा हक्कही नसलेल्या देशात एका अविवाहित नोकरदार स्त्रीने हे केले, ही गोष्ट लहान नव्हे.

ज्याने ‘व्यापार’ खेळला आहे त्याला तो पट पाहताच ओळखू येईल. चौकोनी फेरी, काठाने जमिनीची घरे, चार बाजूंना चार रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग, एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग, जमिनीवर पाय पडला की भाडे. तुरुंगात जायचे ते एका सरदाराच्या खाजगी इस्टेटीत विनापरवाना शिरल्याबद्दल. ज्या कोपऱ्यातून फेरी सुरू होते तेथे, धरणीमातेवर श्रम केले म्हणजे मजुरी निर्माण होते, अशा अर्थाचे वाक्य होते आणि तेथून जाताना खेळाडूला शंभर डॉलर मिळत. पार्कर ब्रदर्सच्या पटावर हा कोपरा शिल्लक आहे. पैसेही मिळतात, शंभराचे दोनशे झाले. गेले ते एवढेच : धरणीमाता आणि श्रम. आता खेळाडू नुसता एक बाण ओलांडतो आणि पगार उचलतो. तो कशाबद्दल, याची पटावर कोठे नोंद नाही.

तथापि खरी चोरी याहून मोठी आहे. मॅगीने आपल्या खेळाला दोन प्रकारचे नियम दिले होते. पहिल्या प्रकारात मालक भाडे घेतो, घेतलेल्या भाड्यातून आणखी जमीन घेतो आणि एक जण गबर व बाकीचे कंगाल झाले की डाव संपतो. दुसऱ्या प्रकारात पट तोच, फासे तेच, जमिनी त्याच; परंतु जमिनीचे भाडे सार्वजनिक खजिन्यात जाते. त्या खजिन्यातून रेल्वे, दिवाबत्ती यांसारख्या सोयी एकेक करून सार्वजनिक मालकीच्या होतात. आणि डाव केव्हा जिंकला म्हणायचा? ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसे होते त्याचे पैसे दुप्पट झाले की सगळेच जिंकले. दोन्ही डाव एकामागून एक खेळावेत आणि मुलांनी आपल्या बुद्धीने तुलना करावी, अशी ही योजना होती. ज्याला आज जग ‘मक्तेदारी’चा खेळ म्हणून ओळखते तो मुळात मक्तेदारीच्या विरोधातील पुराव्याचा पूर्वार्ध होता. पूर्वार्ध विकला गेला, उत्तरार्ध फेकून दिला गेला.

हा खेळ १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये छापलाही गेला, पण त्याचा प्रसार झाला तो दुकानांतून नव्हे. डेलावेअर राज्यात हेन्री जॉर्जच्या अनुयायांनी १९०० साली आर्डेन नावाची वसाहत वसवली होती. जमीन सर्वांची, प्रत्येकाने आपल्या तुकड्याचे भाडे समाजाला द्यायचे. तेथे हा पट घरोघरी होता. समाजवादी अर्थशास्त्रज्ञ स्कॉट निअरिंग तेथे राहत. त्यांनी हा खेळ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांपर्यंत नेला. बालमजुरीविरुद्ध बोलणाऱ्या या प्राध्यापकाला विद्यापीठाने १९१५ मध्ये काढून टाकले. लोक मेणकापडावर हाताने पट रंगवीत, आपल्या गावातील रस्त्यांची नावे घालीत, कोणाला एखादा नियम सुचला तर तो जोडीत. अटलांटिक सिटी येथील क्वेकर पंथाच्या कुटुंबांनी आपल्या शहरातील रस्ते त्यात घातले. वीस-पंचवीस वर्षे कोणाच्याही मालकीचा नसल्यासारखा हा खेळ शेकडो हातांनी घडत होता. ओवी जशी जात्यावर घडते तसा.

पुढे मंदी आली. फिलाडेल्फियातील चार्ल्स डॅरो या बेकार विक्रेत्याला एका मित्राच्या घरी हा खेळ शिकवण्यात आला. डॅरोने नियम लिहून मागितले, पट उतरवून घेतला आणि स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. नक्कल इतकी इमानी होती की, शिकवणाऱ्याच्या पटावर ‘मार्व्हेन गार्डन्स’ या वस्तीच्या नावात झालेली अक्षराची चूकसुद्धा डॅरोच्या पटावर उतरली आणि ती कंपनीने जगभर छापली. परीक्षेत शेजाऱ्याची चूकही उतरवणारा विद्यार्थी जसा पकडला जातो तसा हा शोधक स्वतःच्याच पटावर पकडला गेलेला आहे. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने डॅरोकडून खेळ घेतला. मंदीने पेढी डबघाईला आली होती. या एका खेळाने ती तरली. डॅरो कोट्यधीश झाला. एका बेकार माणसाने आपल्या घरात बसून, निव्वळ प्रतिभेच्या बळावर, कुटुंबाला आणि एका कंपनीला वाचवले, अशी एक सुरस कथा त्यानंतर खेळाबरोबर कित्येक दशके सांगितली गेली. भांडवलशाहीला अशा कथांची भूक असते. व्यवस्थेने लाखोंना बेकार केले, हे विसरायला लावण्यासाठी एक डॅरो पुरेसा होतो.

कंपनीला सत्य ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि त्याचा पुरावा तिच्याच व्यवहारात आहे. खेळ खरोखर डॅरोचा असता तर १९३५ च्या नोव्हेंबरात मॅगीच्या एकस्वासाठी तिच्या दाराशी जाण्याचे कारण काय होते? तिला पाचशे डॉलर देण्यात आले. विक्रीवरील हिस्सा नाही. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला वाटले की मोठी पेढी आपला खेळ घेते आहे, आता जॉर्जचा विचार घरोघरी जाईल. म्हणून तिने दिले. कंपनीने नंतर तिचे काही खेळ नावापुरते छापले. १९३९ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ही निघाला, पण तो कोणाच्या लक्षातही आला नाही. जानेवारी १९३६ मध्ये तिने वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांना मुलाखती देऊन, दोन पट हातात धरून, हा खेळ आपला असल्याचे जगाला सांगितले होते. जगाने ऐकले नाही. १९४० च्या जनगणनेत तिने आपला व्यवसाय खेळ बनवणे असा सांगितला आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य नोंदवले गेले. १९४८ मध्ये ती वारली.

येथे बाजाराचे वकील उठून म्हणतील की तिने स्वखुशीने विकले, करार झाला, पैसे मिळाले, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद किनवटच्या कार्यकर्त्याच्या कानाला परका वाटणार नाही. सावकाराच्या पेढीवर अंगठा उठवणारा प्रत्येक कोलाम ‘स्वखुशीने’च अंगठा उठवीत होता. खरेदीखतावर स्वखुशी हा शब्द असतोच. तो नसता तर कागद नोंदवलाच गेला नसता. एका पक्षाला वस्तूचे खरे मोल ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही; एकाच्या पाठीशी वकिलांची फौज, दुसऱ्याच्या पाठीशी वय आणि विश्वास. अशा दोघांमधील सहीला करार म्हणायचे असेल तर म्हणावे. न्याय म्हणू नये.

हे सारे बाहेर आले तेही कंपनीच्या अरेरावीमुळे. सॅन फ्रान्सिस्कोतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अँस्पाख यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला. त्यात खेळाडूंनी मक्तेदाऱ्या मोडायच्या. कंपनीने धमकीचे पत्र पाठवले. खटला उभा राहिला. हिटलरच्या छळातून लहानपणी निसटलेला हा माणूस एका नोटिशीला भिणारा नव्हता. बचावाची सामग्री शोधताना त्यांना जुने पट सापडले, अटलांटिक सिटीचे म्हातारे खेळाडू सापडले, मॅगीचे एकस्व सापडले. १९७७ मध्ये खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि अँस्पाख यांचे सुमारे ४० हजार संच मिनेसोटातील मँकेटो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात गाडण्यात आले. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या देशात स्पर्धकाचा माल यंत्राने मातीखाली लोटला गेला! वरच्या न्यायालयाने पुढे निर्णय फिरवला. ‘मोनोपॉली’ हे नाव आता एका कंपनीचे राहिले नसून त्या खेळाचेच सर्वसाधारण नाव झाले आहे, असे ठरवले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. मग काय झाले? १९८४ मध्ये अमेरिकन संसदेने बोधचिन्हाचा कायदाच दुरुस्त केला, जेणेकरून ज्या कसोटीवर कंपनी हरली ती कसोटी पुढे कोणाला वापरता येऊ नये. न्यायालयात हरले की विधिमंडळात जिंकायचे, हा मार्ग केवळ आपल्याकडच्या साखरसम्राटांनी शोधलेला नाही.

कंपनीचे पुढे काय झाले हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १९६८ मध्ये पार्कर ब्रदर्सला पीठ आणि न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या जनरल मिल्सने गिळले. १९८५ मध्ये ती केनर नावाच्या दुसऱ्या खेळणी-कंपनीशी बांधून वेगळी काढण्यात आली, १९८७ मध्ये टोंकाने दोघींना घेतले आणि १९९१ मध्ये टोंकाला हॅस्ब्रोने. त्याच वर्षी सेलमचा कारखाना बंद झाला. ज्या गावात सोळा वर्षांच्या मुलाने ‘बँकिंग’ विकले होते त्या गावातील कामगार घरी बसले. पटाचा शेवटचा नियम शेवटी पट छापणाऱ्यांवरही लागू झाला. भारतात हॅस्ब्रो आली ती टायर बनवणाऱ्या एमआरएफच्या हातात हात घालून, १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलमार्फत, आणि कारखाना उभा राहिला गोव्यात. तोवर देशी छपाईवाल्यांनी ‘व्यापार’ गल्लोगल्ली पोचवलेला होताच. चोराच्या घरी झालेली ही चोरी असल्यामुळे तिच्याबद्दल फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सार्वजनिक खेळाला कुंपण घालण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता, आणि पहिला बळी अमेरिकन बाई नव्हती. पचिशी हा या देशातला खेळ. कापडी पट आणि कवड्या एवढ्यावर तो राजवाड्यातही चाले आणि झोपडीतही. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात तो फरशीवर कोरलेला आहे. अमेरिकेतील एका कंपनीने १८७४ साली त्याचे नाव जरा वाकवून ‘पार्चिसी’ म्हणून नोंदवून टाकले आणि इंग्लंडने त्याचाच ‘लुडो’ करून तो परत हिंदुस्थानात विकला. सोंगट्या येथल्या, फासे येथले, पेटी आणि नफा तिकडचा. कापूस आणि कापड यांची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

आता किनवट. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानाच्या, पुढे राज्याच्या, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने किनवट, राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आले, आणि किनवट नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. ज्या आदिलाबादच्या जंगलात कोमराम भीमने जल, जंगल, जमीन यांसाठी निजामाशी झुंज घेतली आणि १९४० मध्ये प्राण दिले, त्याच जिल्ह्याचा हा भाग. त्या उठावानंतर निजाम सरकारला मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांची अवस्था पाहायला पाठवावे लागले, आणि त्यांच्या अहवालानंतर काही गोंडांना पट्टे मिळाले. अवस्था काय होती? पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण कागद नाही. बाहेरून आलेल्याजवळ कागद आहे, नांगर नाही. सागाची झाडे सरकारची, त्यांच्या सावलीत वाढलेली माणसे अतिक्रमणकर्ती. मॅगीच्या पटावरील, विनापरवाना शिरलात तर तुरुंगात, या घराला आदिवासी मुलाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

‘व्यापारा’ची सर्वांत मोठी लबाडी त्याच्या सुरुवातीत आहे. सर्व खेळाडूंना समान रक्कम वाटली जाते. मूळ अमेरिकन संचात पंधराशे डॉलर प्रत्येकी. त्यानंतर जो हरला तो फाशाने किंवा मूर्खपणाने हरला, असे मूल शिकते. किनवटमध्ये असा समान वाटप झालेला डाव कोणी कधी पाहिलेला नाही. तेथे एक खेळाडू दुकान, गाडी, वकील आणि तलाठ्याची ओळख घेऊन बसतो. दुसरा दोन एकर बरड आणि मागच्या लग्नाचे कर्ज घेऊन. खेळात जमीन बँकेकडे गहाण टाकता येते आणि दहा टक्के व्याज भरून सोडवता येते; शिवाय नियमच असा की बँक कधी बुडत नाही. तालुक्यातील गहाणाला दहा टक्क्यांचा असा सुटसुटीत दर कोठून असणार! न बुडण्याचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. महाराष्ट्राने १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असे कलम ३६ अ घातले. त्याच्या जोडीला १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा आला. सतरा वर्षांत इतक्या जमिनी गेल्या की त्या परत देण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला; शासनाने स्वतःच्या हाताने लिहिलेली यापेक्षा स्पष्ट कबुली दुसरी असू शकत नाही. तरीही त्या कायद्यात, जमीन परत घेणाऱ्या आदिवासीने ठरावीक रक्कम भरावी आणि स्वतः कसण्याची हमी द्यावी, अशी अट होतीच. ज्याची चोरी झाली त्यानेच सुटकेची रक्कम मोजायची! १९८५ च्या आदेशाने किनवट तालुक्यातील गावे अनुसूचित क्षेत्रात आली, २००६ मध्ये वनहक्काचा कायदा आला. कायद्यांची उणीव नाही. फासा मात्र अजून त्याच हातात आहे : करार भाडेपट्ट्याचा, कब्जा कायमचा, नाव आदिवासीचे, पीक दुसऱ्याचे. कायद्याने विक्री बंद केली की व्यवहार विक्रीचे नाव टाकून देतो.

हेन्री जॉर्जची मात्रा या रोगाला पुरेल काय? येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. मार्क्सने १८८१ मध्येच जॉर्जवर टीका केली होती. जमीनदाराला चाप लावून भांडवलदाराला मोकळा सोडणारा हा मार्ग भांडवलशाही वाचवण्याचाच आहे, असा त्याचा आशय. ती टीका मूलतः बरोबर आहे. शिवाय भारतात समाजवाद्यांनी, विशेषतः राममनोहर लोहियांनी, अलाभकर जोतींवरील शेतसारा रद्द करा, अशी मागणी केली. ती जॉर्जच्या उलट वाटते; पण वस्तुतः विरोध नाही. कोरडवाहू दोन एकरांत जे पिकते ती मजुरी आहे, भाडे नव्हे. तिच्यावर कर घेणे म्हणजे धरणीमातेच्या कोपऱ्यातील शंभर डॉलर काढून घेणे. याउलट किनवट शहराच्या वाढत्या वस्तीलगत, सडकेलगत ज्या तुकड्यांचे भाव चढतात ते कोणाच्या घामाने चढत नाहीत. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या सडकेने, शाळेने, दवाखान्याने, मुदखेड–आदिलाबाद रेल्वेने चढतात. तो चढ खिशात घालणारा माणूस पटावरील जमीनदारच आहे. मॅगीचा दुसरा डाव तेवढ्यापुरता आजही लागू आहे, आणि तेवढ्यापुरता पुष्कळ आहे.

राहिला तो सर्वांत कठीण आक्षेप. लोकांना पहिलाच डाव आवडला, दुसरा कंटाळवाणा होता, म्हणून तो मेला. त्यात कंपनीचा दोष काय? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आर्डेनच्या वसाहतीबाहेर पडताच, मेणकापडी पटांच्या काळातच, दुसरे नियम मागे पडू लागले होते. माणसाला जिंकण्याची चव असते. सगळेच जिंकले या निकालावर टाळी वाजत नाही. पण मॅगीने दुसरा डाव एकटा खेळायला सांगितलाच नव्हता. पहिल्या डावात ज्याचे दिवाळे निघाले त्यालाच दुसऱ्याची गोडी कळते. जिंकलेल्याला ती कळणार नाही. कंपनीने तोडले ते हे नाते. पराभूताला दुसरा डाव असू शकतो, ही शक्यताच तिने पेटीतून काढून टाकली, आणि मग लोकांना दुसरे काही नकोच होते असे सांगितले. समाजाच्या मोठ्या पटावरही नेमके हेच सांगितले जाते. २०१९ मध्येच, त्या टवाळीनंतर महिन्याभरात, हॅस्ब्रोने स्त्री-शोधकांचा गौरव करण्यासाठी म्हणून ‘मिस मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला. त्यात मॅगीचे नाव नव्हते. स्वतःच्या घरातील खून लपवून गावातल्या मर्तिकाला हजेरी लावण्याचा हा प्रकार.

चळवळीच्या अभ्यास-शिबिरांत तीन तासांचे बौद्धिक होते, त्यात तरुण कार्यकर्ते डुलक्या घेतात आणि रात्री शिबिर संपल्यावर पत्ते कुटतात. मॅगीची युक्ती तेथे उचलण्यासारखी आहे, आणि त्यासाठी कोणाच्या एकस्वाची, पेटीची किंवा परवानगीची गरज नाही. जुन्या देवळांच्या आणि किल्ल्यांच्या फरशीवर नवकंकरीचे पट कोणा कंपनीने कोरलेले नाहीत. बसल्या जागी दगडाने रेघा ओढून वाघबकरी मांडणाऱ्या गुराख्याने कोणाला हिस्सा दिलेला नाही. शाळेच्या पडवीत खडूने चौकट आखावी. मुंबई-दिल्लीऐवजी इस्लापूर, मांडवी, बोधडी घालावे. एका कोपऱ्यात तहसील, एका कोपऱ्यात जंगलखात्याचे नाके. सुरुवातीला पैसे समान वाटू नयेत. सातबाऱ्यावर ज्याचे जितके त्याच्या हाती तितके. पहिला डाव चालू कायद्याने, म्हणजे चालू रिवाजाने, शेवटच्या दिवाळ्यापर्यंत खेळावा. मग त्याच रेघांवर, त्याच फाशांनी, भाडे ग्रामसभेच्या गाडग्यात टाकून दुसरा डाव मांडावा, आणि तो ज्याचे पहिल्या डावात दिवाळे निघाले त्याच्या हातून सुरू करावा. ३६ अ चे घर पटावर कोठे घालायचे, आणि त्यावर पाय पडलेल्याने जमीन परत मागताना किती फेऱ्या थांबायचे, हे ठरवण्यावरून शिबिरात भांडण होईल. ते होऊ द्यावे, आणि तालुक्यातील प्रलंबित प्रकरणांच्या तारखा काढून त्या फेऱ्या मोजाव्यात.